सीतामाईची चाल

परवा आण्णांचा फोन आला. "शनिवारी सीतामाईचा अध्याय हाय. येतीस न्हवं?" मागं पाऊस वाजत होता आणि मधूनच म्हशीच्या गळ्यातली घंटा. मी म्हणाले, "बघते." माझ्या 'बघते'चा अर्थ आण्णांना कळतो. त्यांनी विचारलं, "तिकडं पाऊस कसा हाय?" कोल्हापूर आणि आमचं गाव यात अंतर ते किती! ढग एकच असतो. तरी मी सांगितलं, चालू आहे म्हणून.

फोन ठेवल्यावर खिडकीशी उभी राहिले. समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी न वाळणारे कपडे लोंबत होते. श्रावण लागला की माझ्या नाकात एक वास येऊन बसतो. ओल्या घोंगडीचा, उदबत्तीचा, आणि देवळाबाहेर भिंतीला टेकवून ठेवलेल्या ओल्या छत्र्यांचा. आमचं गाव कोडोलीच्या पलीकडं, उसात बुडालेलं. श्रावणात तिथं देवळात पोथी लागते. डेअरीला दूध घालून झालं की माणसं डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेऊन यायची, पाय धुवायची, आणि ओल्या फरशीवर पोती टाकून बसायची. पोथीला माणसं दोन लागतात. एक ओवी वाचणारा आणि दुसरा तिचा अर्थ सांगणारा. वाचायला पोस्टातून निवृत्त झालेले एक म्हातारे होते. अर्थ सांगायला आण्णा, माझे वडील.

आण्णा सातवी शिकलेले. दिवसभर ऊस आणि म्हशी. पण वाचणाऱ्याची ओवी संपली आणि आण्णांनी घसा साफ केला की देऊळ गप्प व्हायचं. त्यांच्या अर्थात अयोध्येचा रस्ता आमच्या पाणंदीसारखा चिखलाचा असायचा. रथाचं चाक रुतायचं. लक्ष्मण खाली उतरून चाकाला खांदा द्यायचा आणि म्हणायचा, "वैनी, जरा कड्याला धरून बसा." बायका हसायच्या. पुढं काय होणार हे सगळ्यांना माहीत असायचं, म्हणून जरा जास्तच हसायच्या.

हा अध्याय आमच्या गावात अर्ध्यावर झाकत नाहीत. लक्ष्मणानं तिला नदीकाठी उतरवलं आणि तो मागं फिरला, तिथं पोथी थांबवायची नाही. कितीही उशीर होवो, त्याच बैठकीत तिची दोन्ही लेकरं जन्माला यायला हवीत. बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. सीतामाईला माहेर राहिलं नव्हतं, म्हणून त्या दिवसापुरतं आमचं गाव तिचं माहेर. घराघरातून डिंकाचे लाडू यायचे, अळीव यायचे, झबली-टोपडी यायची. पोथीसमोर पाळणा बांधायचे. पोथीची ओटी भरायचे. आणि एक रीत अशी की त्या दिवशी देवळात जी कुणी पोटुशी बाई बसलेली असेल, तिची ओटी आधी भरायची, मग पोथीची. आण्णा म्हणायचे, "ही चालती-बोलती सीतामाई. कागदावरची मागनं."

लहानपणी मला यातले फक्त लाडू कळत. मोठी झाल्यावर वाटू लागलं की ज्या गावाला असली रीत सुचली त्या गावात आपण जन्मलो, हे आपलं नशीब. कॉलेजात निबंधात मी हे लिहिलं होतं. मनापासून लिहिलं होतं.

आई मी चौथीत असताना गेली. माझी मोठी बहीण, सुमन आक्का, तेव्हा दहावीला होती. परीक्षा दिली आणि शाळा सुटली ती सुटलीच. चूल, म्हशी आणि मी, सगळं तिच्याकडं आलं. माझ्या चित्रकलेच्या मास्तरांनी घरी येऊन आण्णांना सांगितलं, "पोरीच्या हातात काहीतरी आहे, हिला शिकवा." आण्णांनी आक्काकडं पाहिलं. आक्का भाकरी थापत होती. म्हणाली, "शिकू दे की. मी बघतो घरातलं." आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, पुण्याच्या माणसांना त्याचं हसू येतं. मी पदवीधर झाले. आमच्या घरातली पहिली. त्या पदवीवर नाव माझं आहे. तिच्यात भाकरी कुणाच्या आहेत, हे मी विसरत नाही.

राजारामपुरीत एका बँकेच्या वर ॲनिमेशनचा स्टुडिओ निघाला होता. तिथं मला नोकरी लागली. पायातले मोजे ओले, आत एसी, बोटं गारठलेली, आणि समोर उजळलेल्या काचेवर आपण काढलेली रेघ हलायला लागते! पहिल्यांदा हललेली रेघ पाहून मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. त्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर मोठं काम आलं. सीतेवर पूर्ण लांबीचा चित्रपट. मुंबईचे लोक काढणार, चित्रं आम्ही करणार. दिग्दर्शक मिलिंद सर पुण्याचे, शांत, समजून घेणारे. पहिल्याच बैठकीत मुंबईच्या बाई पडद्यावरून म्हणाल्या, "आमची सीता रडणार नाही. आजच्या मुलींना रडणारी सीता द्यायची नाही." त्यांच्या गोष्टीत सीता वनात धनुष्य शिकते, पुरातून गाव वाचवते, तिला कुणाची गरज उरत नाही. मला ते फार आवडलं. वाटलं, आण्णांच्या अर्थानंतर पहिल्यांदाच कुणीतरी नवा अर्थ सांगतंय. नदीकाठचा प्रसंग सरांनी मला दिला, कारण पोथीची गोष्ट मी त्यांना रंगवून सांगितली होती.

आणि त्याच श्रावणात आक्का घरी आलेली होती. सातवा महिना, हातात एक पिशवी. दाजी ट्रकवर ड्रायव्हर, पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर. त्यांच्या थोरल्या वहिनीनं, आक्काच्या जाऊबाईनं, केव्हातरी बोटांवर महिने मोजले. तेवढं पुरलं. दाजी एवढंच म्हणाले, "थोडं दिस माहेरी जा. वातावरण निवळू दे." गावात हे आक्काच्या आधी पोचलं होतं.

रविवारी मी गावी गेले की काम बरोबर असायचं. गरोदर बाई कशी चालते ते मला चित्रात आणायचं होतं. मी मोबाईल घेऊन अंगणात उभी राहिले.

"आक्का, हितनं गोठ्यापर्यंत चाल."

"कशाला गं?"

"सीता करायची आहे."

"माझी?" आक्का एवढी हसली की तिनं दाराची चौकट धरली. "आगं खुळे, सीता कशी आसंल, नाजूक. माझं बघ की, रेडा चालल्यागत चाललोय."

"पण गरोदर सीता कशी चालंल?"

"कशी चालंल? पाय सुजल्याली बाई चालती तशी. दुसरी कशी चालंल? आणि माझ्या चालीचं काय देणार हायत तुझं सर?"

"पिक्चरची तिकिटं."

"बालकनीची सांग."

ती चालली. एका हातात बादली, दुसरा हात मागं कमरेवर, टाच आधी टेकायची, अंगाचं सगळं वजन मागं टाकलेलं. गोठ्याशी पोचली आणि वळून म्हणाली, "आगं, तिला सोडून त्यो निघाला तवा ती कुठं बघत हुती?"

"म्हणजे?"

"रथाकडं का नदीकडं?"

मी म्हणाले, पोथीत तसं काही नाही.

"रथाकडंच बघणार," आक्का म्हणाली. "वाटलं आसंल, इसरला कायतरी. फिरंल मागारी."

ती अजून वाट बघत होती हे मला तेव्हा कळलं. रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला की तिची मान तिकडं जायची. मी तो प्रसंग तसाच काढला. सीता नदीकडं पाठ करून उभी, रथ दिसेनासा झाला तरी डोळे रस्त्यावर, आणि मग ती चालायला लागते, एक हात कमरेवर. सेकंदाला चोवीस चित्रं. प्रत्येक चित्रात आक्काची टाच.

मग तो शनिवार आला. आक्कानं हिरवी साडी नेसली. मला माहीत होतं ती का नेसली. आदल्या वर्षी बैठकीतल्या एका नव्या सुनेची ओटी भरली होती, त्याच्या आदल्या वर्षी आणखी कुणाची. रीत ती रीत. आणि एकदा देवळात, सगळ्यांसमोर, पोथीआधी ओटी भरली गेली असती तर गावानं तिला आपली मानलं असं झालं असतं. हातकणंगल्याकडं तिच्या सासरपर्यंत ती बातमीही पोचली असती. आक्का खांबाला टेकून, पाय एका बाजूला घेऊन बसली. आण्णा अर्थ सांगत होते. चाक रुतलं, लक्ष्मणानं खांदा दिला, बायका हसल्या. नदी आली.

पारूकाकू ओटीचं ताट घेऊन उठल्या. आईच्या मैत्रीण. आक्का तान्ही असताना तिला न्हाऊ घालणाऱ्या. ताटात खण होता, नारळ, हळकुंडं, लाडू. त्या बायकांतून वाट काढत खांबापर्यंत आल्या. आक्कानं पदर पुढं घेतला, ओटी घ्यायला धरतात तसा.

"सुमे," पारूकाकू हळूच म्हणाल्या, "सरक की जरा. वाट दे."

आवाजात राग नव्हता. खरं तर मायाच होती. आक्का सरकली. सुजलेले पाय तिनं हातानं उचलून आत घेतले. पारूकाकू पुढं गेल्या आणि त्यांनी पोथीची ओटी भरली.

आण्णांनी पाहिलं. ते समोरच बसले होते, न दिसायला मध्ये काही नव्हतं. वाचणारे म्हातारे ओवी संपवून थांबले होते. सगळं देऊळ आण्णांच्या तोंडाकडं बघत होतं. मला वाटलं, आता बोलतील. इतकी वर्षं या एका अध्यायाचा अर्थ सांगणारा माणूस आता अर्थ सांगेल. आण्णांनी घसा साफ केला. "मंग," ते म्हणाले, "सीतामाई एकटीच ऱ्हायली. तिला कोण न्हवतं." त्यांचा आवाज भरून आला. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. पारूकाकूही रडल्या. मग लेकरं जन्मली, पाळणा हलला, लाडू वाटले. प्रसादाचा लाडू सगळ्यांसारखा आक्कालाही मिळाला. तिनं तो खाल्ला.

चार दिवसांनी आण्णांनी ओळखीची जीप बोलावली आणि आक्काला म्हणाले, "चल, घरी जाऊया."

"मी घरातच हाय की, आण्णा."

"तुझ्या घरी."

मी स्टुडिओत होते. पुढचं मला फोनवर कळलं. सासरच्या मंडळींनी देवळात बेलभंडारा उचलायला सांगितला. हातावर बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन, देवाला साक्ष ठेवून खरं सांगायचं, ही शपथ आमच्याकडं अजून चालते. आक्कानं उचलला. तिला घरात घेतलं. मी त्या दिवशी अर्धा तास नुसती काचेवरच्या सीतेकडं बघत बसले होते. ज्या माणसानं मला पदवीपर्यंत नेलं त्याच माणसानं आक्काला त्या दारात नेऊन सोडलं. त्यांच्यावर रागवायला मला पूर्ण माणूस सापडत नाही. अर्ध्यावर माझं ऋण बसलेलं आहे.

त्याच आठवड्यात मुंबईहून निरोप आला. सरांनी मला बोलावलं. "शुभांगी, प्रसंग सुंदर झालाय. पण पोट काढावं लागेल."

"म्हणजे सर?"

"सीता गरोदर दिसायला नको. बघायला आलेली लहान मुलं प्रश्न विचारतील. शिवाय तिची बाहुली बाजारात आणणार आहेत."

"मग मुलं कुठून येतात?"

"पुढच्या प्रसंगात असतातच ती. झाडाखाली खेळताना." सर खाली बघून म्हणाले, "मलाही पटत नाही गं. पण त्यांचा चित्रपट आहे."

मी पोट काढलं. एकेका चित्रातून पुसलं, सपाट रेघ ओढली. चाल मात्र नव्यानं करायला वेळ मिळाला नाही. मुदत संपली होती. त्यामुळं पडद्यावर एक सडपातळ, सुंदर सीता कमरेवर हात ठेवून, टाच आधी टेकत, नसलेलं वजन मागं टाकत चालते. चित्रपट आला तेव्हा लोकांना आवडला. मुलं पुराच्या प्रसंगाला टाळ्या वाजवायची. आता तो मोबाईलवर फुकट बघता येतो. खाली कुणीतरी लिहिलंय, 'सीता अशी काय चालते? ॲनिमेशन गंडलंय.' त्याला बऱ्याच जणांनी अंगठा दिलाय.

आक्काची पोर, पूर्वा, आता पहिलीत आहे. तिनं तो चित्रपट इतक्या वेळा पाहिलाय की बाण सुटायच्या आधी ती तोंडानं आवाज काढते. मागच्या दिवाळीत ती मला म्हणाली, "मावशी, सीता आईसारखी चालते." आक्काची कंबर त्या बाळंतपणापासून धरलेली आहे, हात अजून कमरेवरच असतो. मी आक्काला विचारलं, "कसा वाटतो पिक्चर?"

"चांगला हाय की. रंग लई भारी." मग गवऱ्या थापता थापता म्हणाली, "त्या बाणाचं तेवढं खरं वाटत न्हाय."

"का?"

"दोन ल्हान पोरं पदरात घेटल्याल्या बाईचं दोन्ही हात मोकळं कवा असत्यात?"

मी पुष्कळ विचार केला आहे यावर. आमच्या देवळानं सीतेला माहेर दिलं, आमच्या स्टुडिओनं तिला धनुष्य दिलं. दोन्ही देणारे प्रामाणिक होते. देवळातली आसवं खरी होती, थिएटरातल्या टाळ्याही खऱ्या होत्या. पूर्वी मला वाटायचं, जुना अर्थ अपुरा पडला तर नवा अर्थ येईल आणि तो आक्कापर्यंत पोचेल. आता तसं वाटत नाही. गोष्टीतल्या बाईसाठी रडून झालं, लढून झालं, की माणसाला आपलं काम झाल्यासारखं वाटतं. उठताना तो खांबाशी बसलेल्या बाईला म्हणतो, वाट दे.

हे मी या आषाढानंतर म्हणते आहे. दाजींच्या घरात भावाभावांत वाटणी निघाली. पूर्वाचं नाव लावायचा विषय आला तशी जाऊबाई बोलली, "पोरगी घरातली हाय का, ते आदी ठरवा." आक्काचा फोन आला. "परत भंडारा उचलायचाय."

मी म्हणाले, "उचलू नको. इकडं ये, माझ्याकडं. खोली आहे, शाळा जवळ आहे."

"आलो तर काय म्हंतील? खोटं हुतं म्हणून पळाली. पोरीला जलमभर तेच ऐकावं लागंल."

मी रजा टाकून आक्काच्या सासरी गेले. देवळात पंधरा-वीस माणसं, बाहेर भुरभुर. मी म्हणाले, आता डॉक्टरी तपासणी होते, एका दिवसाचं काम आहे. आक्काचे थोरले दीर म्हणाले, "देवापरास डॉक्टर मोठा का?" दुसरं कुणीतरी म्हणालं, "शिकल्यालीचं येगळं असतंय." दाजी मोबाईल बघत होते. मी आणखी बोलणार तेवढ्यात आक्काच म्हणाली, "गप बस तू. तू जाशील कोल्हापूरला. मला हितं ऱ्हायचंय."

आण्णाही आले होते. टोपी हातात धरून कोपऱ्यात उभे होते. थोरल्या दिरांनी त्यांना मानानं पुढं बोलावलं. "पावणं, तुम्ही पोथी सांगणारं. तुमीच शब्द सांगा, ती मागनं म्हणंल."

आण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग घसा साफ केला. एक एक वाक्य त्यांनी सांगितलं आणि हातावर बेलाचं पान आणि भंडारा घेतलेली आक्का त्यांच्या मागून म्हणत गेली. मी शुद्ध हाय. पोर ह्याच घरातली हाय. खोटं बोलत असंन तर माझ्या पोटाला यिल. आण्णांचा आवाज भरून आला नाही. कोरडा होता, पाढे म्हणून घ्यावेत तसा. आक्कानं एकदाही मान वर केली नाही.

"चला, मिटलं," जाऊबाई म्हणाली.

पुजाऱ्यानं भंडाऱ्याचं ताट उचललं. पूर्वा इतका वेळ माझं बोट धरून उभी होती. तिला तो प्रसाद वाटला. ती पुढं गेली आणि तिनं उजव्या तळव्याखाली डावा हात धरून हात पुढं केले, शाळेत शिकवतात तसे. "मला पण."

पुजारी हसला. चिमूटभर भंडारा त्यानं तिच्या हातावर ठेवला.

एवढा वेळ दगडासारखी उभी असलेली आक्का झडप घातल्यासारखी आली. तिनं पूर्वाचा हात धरून भंडारा झटकला. मग पदराचा बोळा करून तो चिमुकला तळवा पुसायला लागली. पुसतच राहिली. पूर्वा रडायला लागली, "आई, दुखतंय, आई." कुणी म्हणालं, "आगं देवाचं हाय ते." आक्कानं पावसात हात बाहेर काढून पदर ओला केला आणि पुन्हा पुसायला लागली. हळद ओली झाल्यावर आणखीच पसरली. पूर्वाचा तळवा, बोटं, मनगट, सगळं पिवळं होत गेलं.